हालीचा रकाना : एका मंडळीचं वय ठरवताना

आमच्या चर्चच्या मंडळीची शंभरी साजरी करायचं ठरलं, तेव्हा शंभर वर्षं कुठून मोजायची हे कुणीच विचारलं नव्हतं. मांडववाल्याला इसार देऊन झाला होता, बिशपसाहेबांची तारीख मिळाली होती. मग पास्टरेट कमिटीच्या बैठकीत माझ्याकडे बोट गेलं. ‘मास्तर, तुम्ही शाळेत इतिहास शिकवता. स्मरणिकेसाठी आपल्या मंडळीचा आठ पानांत इतिहास लिहून द्या.’ आठ पानं म्हणजे दिवाळीच्या सुट्टीचं काम, असं मला वाटलं. त्याला पुढे दीड वर्ष लागलं, आणि शेवटी जे छापलं ते मी लिहिलेलं पूर्ण नव्हतं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. का, ते पुढे येईलच. एवढं सांगतो की गाव मनमाड–सिकंदराबाद लाईनवरचं, जालन्याच्या पुढचं. मंडळी चाळीसेक घरांची. रविवारी उपासनेला साठ-सत्तर माणसं, नाताळला पुण्याहून आणि संभाजीनगरहून पोरंबाळं आली की दुप्पट. बोर्डावर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ असं लिहिलंय, पण रिक्षावाल्याला ‘मिशनचं देऊळ’ म्हटलं तरच तो बरोबर आणून सोडतो.

कोनशिला

शंभरीचा हिशेब आला होता तो कोनशिलेवरून. देवळाच्या ईशान्य कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर तो दगड. दर नाताळाला देऊळ रंगवताना त्यालाही चुना फासायचा, असा आमचा रिवाज. त्यामुळे अक्षरं जाऊन नुसते उंचवटे राहिले होते. ‘त्यावर एकोणीसशे विसाचं साल आहे’ असं सगळे सांगायचे. वाचलेलं कुणीच नव्हतं.

एका शनिवारी दुपारी मी आणि संडे स्कूलची दोन पोरं पाण्याची बादली आणि पाच रुपयांचं नाणं घेऊन बसलो. चुन्याचे पापुद्रे निघत गेले. पांढरा, निळसर, पुन्हा पांढरा, मध्येच एक पिवळा. अक्षरं इंग्रजी निघाली. साल १९२ पर्यंत शाबूत, शेवटचा आकडा फुटलेला. म्हणजे साल साधारण बरोबर होतं. पण त्याच्या वरच्या ओळीत जो शब्द होता त्याचा अर्थ ‘पुन्हा बांधलं’ असा होता. पोरांनी विचारलं, ‘सर, मग पहिलं कधी बांधलं होतं?’

एका शब्दाने शंभरी गेली. देऊळ शंभर वर्षांचं असेल, मंडळी त्याआधीची होती.

लोखंडी पेटीतलं रजिस्टर

पाळकसाहेबांच्या घरात कपाटावर एक लोखंडी पेटी आहे. त्यात कडुनिंबाचा पाला टाकून ठेवलेली जुनी दप्तरं. बाप्तिस्म्याचं पहिलं रजिस्टर छापील रकान्यांचं, वर मराठी शीर्षकं: तारीख, नाव, बापाचं नाव, राहण्याचं गाव, जात, धंदा, बाप्तिस्मा देणाऱ्याचं नाव, शेरा. पहिली नोंद एकोणिसाव्या शतकातली, रेल्वे येण्याआधीची. गोदावरी खोऱ्यातली ती मीटरगेज लाईन १९०० च्या सुमारास सुरू झाली. म्हणजे पहिल्या पानावर ज्याची सही आहे तो पाळक जालन्याहून बैलगाडीने आला असणार.

जालन्याहून का, हे समजायला थोडं मागे जावं लागतं. जालना ही हैदराबाद कंटिंजंटची, म्हणजे निजामाच्या खर्चाने इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेची छावणी. छावणीत गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी देऊळ होतं, पण गावातल्या माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. तो आणला नारायण शेषाद्री यांनी. मुंबईत शिकलेला हा ब्राह्मण तरुण १८४३ मध्ये ख्रिस्ती झाला, आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला म्हणून कोर्टात खटला झाला. कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईत रान उठलं. घ्यावं म्हणणाऱ्यांत बाळशास्त्री जांभेकर होते. शाळेच्या पुस्तकात जांभेकर ‘दर्पण’कार म्हणून भेटतात. आमच्या मंडळीच्या इतिहासात ते असे मागच्या दाराने येतात, याची मला गंमत वाटली.

शेषाद्री पुढे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे पाळक म्हणून जालन्याला आले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्या सरकारकडून त्यांना जमीन मिळाली आणि जालन्याजवळ त्यांनी ‘बेथेल’ नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. बेथेल म्हणजे देवाचं घर. एका मुसलमान दिवाणाने दिलेल्या जमिनीवर, एका जन्माने ब्राह्मण पाळकाने, स्कॉटलंडच्या मिशनच्या पैशाने, मुख्यतः महार-मांगांसाठी वसवलेलं गाव. मराठवाड्याबाहेर हे वाक्य सांगितलं की लोक दोनदा विचारतात. तिथून मग आसपासच्या बाजारगावांत सुवार्तिक आणि बायबलबाया फिरू लागल्या. आमच्यासारख्या मंडळ्या त्या फिरस्तीतून झाल्या.

रजिस्टर वाचताना मला एका जुन्या टोमण्याचं उत्तर हवं होतं, हे कबूल करतो. लहानपणापासून ऐकत आलोय, ‘तुमचे लोक दुष्काळात भाकरीसाठी बाटले.’ १८९९-१९०० चा दुष्काळ रजिस्टरात आहे, यात शंका नाही. ती पानं भरगच्च आहेत, एका तारखेला डझनभर नावं, बरीचशी मुलांची, आणि बापाच्या नावाच्या जागी नुसती रेघ. पण त्याच्या आधीही काही पानं आहेत, एकेक दोन-दोन नोंदींची, पावसाच्या चांगल्या वर्षांतली. आणि दुष्काळाच्या पानांवरचा शेऱ्याचा रकाना बघावा: ‘मयत’, ‘मयत’, ‘गावी परत’, ‘मयत’. भाकरीसाठी आलेले होते, त्यांतले किती तरी भाकरी खायला उरले नाहीत, आणि काही पाऊस पडल्यावर निघून गेले. राहिले ते का राहिले, याचा रकाना रजिस्टरात नाही.

म्हणजे दुसरी तारीख मिळाली होती. तिच्या हिशेबाने शंभरी कधीच होऊन गेली.

बोर्ड बदलत राहिला

हा भाग उरकून टाकतो. फ्री चर्च १९०० मध्ये दुसऱ्या एका स्कॉटिश चर्चमध्ये मिसळून युनायटेड फ्री चर्च झालं. १९२४ मध्ये इथल्या प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांची मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया. १९२९ मध्ये तिकडे स्कॉटलंडमध्ये युनायटेड फ्री चर्च पुन्हा जुन्या चर्च ऑफ स्कॉटलंडला जाऊन मिळालं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेसचं एकीकरण होऊन आजचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. जमिनीच्या कागदांवर मात्र अजून जुनी नावं निघतात, आणि २०१३ मध्ये गुजरातमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या एकीकरणाच्या ठरावाने जुन्या ट्रस्टची मिळकत नव्या चर्चची होत नाही, धर्मादाय कायद्याची वाट धरावी लागते. त्यात आमचं कंपाऊंड कुठे बसतं हा वेगळा लेख आहे आणि तो मी लिहिणार नाही.

उपासनेत या सगळ्याने काय फरक पडला? पेटी-तबल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आधीही चालत होती, आताही चालतात.

हालीचा रकाना

तिसरी तारीख मला जमाखर्चाच्या वहीत सापडली, आणि इथे मी चुकलो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

निजामाच्या राज्यात दोन नाणी चालायची. संस्थानचा हाली सिक्का आणि इंग्रजांचा कलदार. सहा कलदारला साधारण सात हाली. आमच्या वहीतही त्यामुळे दोन रकाने. मिशनची ग्रँट कलदारात, आणि पाळकाचा पगार त्यातूनच, म्हणून तोही कलदारात. मंडळीचं दान हालीत. हालीच्या रकान्यात जे आहे ते वाचण्यासारखं आहे: मूठधान्य विक्री, म्हणजे बायका भाकरीचं पीठ मळायला घेताना एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायच्या ते, हंगामाच्या सणाचा लिलाव, कोंबडी एक, भोपळे दोन, अंबाडीची जुडी, लग्नाची फी, एका माणसाने दोन आणे ‘पोर बरं झालं म्हणून’. आकडे इतके बारके की डाव्या बाजूच्या कलदारापुढे ते लाजल्यासारखे दिसतात.

आणि मग एका पानावर पाळकाचा पगार डाव्या रकान्यातून उजवीकडे येतो. रक्कम पहिल्याच्या निम्मी. खाली बारीक अक्षरात: ‘बाकी जवारीने’.

मी अक्षरशः उठून उभा राहिलो. मंडळीने स्वतःच्या पाळकाला स्वतःच्या पैशाने पोसलं, तो हा महिना. मंडळी स्वावलंबी झाली. मला वाटलं, हाच आमचा खरा वाढदिवस. कुणा साहेबाने पायाचा दगड ठेवला तो नव्हे. त्या रात्री मी स्मरणिकेचं पहिलं पान लिहून काढलं. फार सुंदर लिहिलं होतं.

आमच्या मंडळीत एक निवृत्त तलाठी आहेत, वय ऐंशीच्या पुढे. मोडी वाचतात, उर्दू वाचतात, निजामाच्या काळातले सेतवार, म्हणजे जमिनीची जुनी दप्तरं, तोंडपाठ. त्यांना पान वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘मास्तर, साल कोणतं?’ वहीत फसली, म्हणजे निजामाच्या महसुली कालगणनेचं साल होतं, १३५७. ते म्हणाले, ‘पाचशे नव्वद मिळवा.’

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याच क्षणी माझं सुंदर पान विझलं. २९ नोव्हेंबर १९४७ ला निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला, आणि लगोलग वटहुकूम काढून संस्थानात कलदार बेकायदा ठरवला. व्यवहार हालीतच करायचा. कराराचा भंग झाला म्हणून दिल्लीने तक्रारी केल्या, त्यांत ही एक मोठी तक्रार होती. शिवाय बाहेरून येणारी ग्रँट त्या धामधुमीत कशी पोचणार? रझाकारांचे दिवस, रस्ते बंद. तेव्हा पगार हालीत गेला तो मंडळीचा विश्वास वाढला म्हणून नव्हे. कलदार उरलाच नव्हता म्हणून.

पुढची पानं उलटली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मोकळं झालं, आणि काही महिन्यांतच ग्रँट परत आली. पाळकाचा पगार पुन्हा डावीकडे, पुन्हा पूर्ण. खरं स्वावलंबन पुढे कितीतरी वर्षांनी, हळूहळू, तुकड्यातुकड्याने आलं. त्याला एक तारीख नाही.

तलाठीकाका मात्र वही बाजूला ठेवायला तयार नव्हते. त्यांनी त्या महिन्यांचा हालीचा रकाना बोटाने खाली खाली वाचत नेला. मूठधान्य आहे. वर्गणी आहे. लिलाव आहे. त्या वर्षी धान्याची काय टंचाई होती ते त्यांनी लहानपणी पाहिलेलं. म्हणाले, ‘सक्तीनं का होईना, पण दिलं की नाही?’

मी ते पान फाडलं नाही. पुन्हा लिहिलं, आणि वटहुकूम त्यात घातला.

नावं छापायची का

तारखेच्या वादात कमिटी फार अडकली नाही. माझं म्हणणं होतं की शंभरी म्हणूच नये. ‘मंडळीचा सण’ म्हणावं. मतदान झालं, मी पडलो. मांडववाल्याचा इसार हा शेवटी इतिहासाहून मोठा पुरावा ठरला. बॅनरवर ‘देवालय शताब्दी’ असं आलं, आणि त्यातलं ‘देवालय’ हा माझा विजय समजा.

खरा पेच निघाला परिशिष्टावरून. स्मरणिकेत पहिल्या पिढीची यादी द्यायची, रजिस्टरातली नावं जशीच्या तशी, असा मी प्रस्ताव ठेवला होता. ज्यांच्या नावाने गावात एक दगडही नाही त्यांची नावं निदान छापून येतील. सगळे हो म्हणाले. चहा झाला. मग मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, ‘माझ्या नातवाची व्हॅलिडिटी राहिलीय अजून.’

बैठक गप्प झाली. खोलीतल्या निम्म्या लोकांना ती गोष्ट माहीत होती आणि कुणीच ती बोलत नव्हतं.

न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाप्रमाणे अनुसूचित जातीचा लाभ फक्त हिंदूंना. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आले नाहीत. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात, पण ती सवलत आणि ही सवलत एक नव्हे. म्हणून मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत दाखल्यावर ‘हिंदू मांग’ आणि रविवारी सकाळी देऊळ, असं दोन पिढ्या चाललंय. वस्तीने त्यांना वागवलं मांग म्हणूनच. विहिरीवर कुणी बाप्तिस्म्याचा दाखला बघितला नाही. पण ‘व्हॅलिडिटी’ देणाऱ्या जात पडताळणी समितीचं दक्षता पथक घरी येतं, शेजाऱ्यांना विचारतं, जुन्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा मागतं. मिशनच्या शाळेत आजोबांच्या नावापुढे ‘ख्रिस्ती’ असेल तर झालं. त्यात २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात बाप्तिस्मा झालेल्या, देवळात जाणाऱ्या मुलीचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवून घेणं म्हणजे संविधानाशी लबाडी आहे असं म्हटलं.

यावर माझं मत विचाराल तर, लबाडी कोण कुणाशी करतंय हा प्रश्न मला एवढा सोपा वाटत नाही. जात धर्म बदलून गेली असती तर आमच्याच जुन्या पिढ्यांत महार-ख्रिस्ती आणि मांग-ख्रिस्ती सोयरीक एवढी अवघड का होती? पण इथे माझ्या मताचा प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की माझ्या आठ पानांमुळे कुणाच्या पोराची नोकरी जाऊ शकते का. जाऊ शकत होती.

मग पर्याय निघू लागले. एकाने सुचवलं, जातीचा रकाना गाळा. मी गाळून पाहिला. पण शेजारीच धंद्याचा रकाना: ‘दोर वळणे’, ‘दोर वळणे’, ‘वाजंत्री’, ‘केरसुण्या’. मराठवाड्यात एवढं वाचल्यावर जात विचारायची गरज उरत नाही. मग धंदाही गाळला. मग राहिलं नाव, बापाचं नाव, गाव. एवढ्यावरून आमच्या तालुक्यात कुणीही घर ओळखेल, कारण आजा-पणज्याचं नाव नातवाला ठेवायची चाल बाप्तिस्म्यानेही मोडली नाही. गाव गाळलं. बापाचं नाव गाळलं. कागदावर उरली नुसती पहिली नावं, एकाखाली एक, आणि ती कुणाचीही असू शकत होती.

तरुणांपैकी एकजण चिडला. ‘मग इतिहास कशाला लिहायचा?’ त्याने स्वतः इतर मागासवर्गाचा दाखला काढलाय, त्यासाठी घरी भांडलाय, त्यामुळे त्याला तो अधिकार होता. पण मघाच्या त्या बाईंनाही होता.

ठरलं ते असं. यादी छापायची नाही. रजिस्टर पेटीत, किल्ली पाळकसाहेब आणि एक वडील अशा दोघांकडे. सणाच्या दिवशी उपासनेत पहिली नावं, नुसती पहिली नावं, मोठ्याने वाचायची. मंडळी उभी राहून ऐकेल. पेच सुटला नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. सवलतींसाठी नेमलेले आयोग येतात, मुदतवाढ घेतात. आमच्या स्मरणिकेला मुदतवाढ नव्हती.

सणाच्या दिवशी

नावं मी वाचली. सटवा, लक्षी, दगडू, पुंजा अशी नावं, मध्येच एखादा याकोब, एखादी मार्था. सहा-सात मिनिटं लागली. एखाद्या नावाला मागून कुणीतरी ‘हं’ म्हणायचं, बस्स.

जेवणाच्या पंगती उठल्यावर एक आजी माझ्याकडे आल्या. मंडळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या. त्यांना रजिस्टर बघायचं होतं, छापील काही नको. पाळकसाहेबांनी पेटी उघडली. आजींना वाचता येत नाही. त्यांच्या आजेसासूची नोंद मी शोधली, आणि त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. नाव वाचलं. गाव वाचलं. दार लोटून घेतलं होतं, म्हणून पुढचंही वाचलं: ‘धंदा, दोर वळणे.’

‘दोर नव्हं,’ आजी म्हणाल्या. ‘दोर गडी वळायचे. ती शिंकाळी वळायची. शिंकाळी लिव्ह.’

मी सांगितलं, आजी, जुन्या रजिस्टरात खाडाखोड करता येत नाही.

‘मग तुझ्या पुस्तकात लिव्ह.’

पुस्तक बाहेर टेबलावर वाटत होते.